जुन्या गाडीचा गंज घरीच काढतोय: दाराखालचे फुगे, सिलचं भोक आणि रंगाचे प्रश्न

जुनी_चाकं (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

बाबांनी पंचवीस वर्षांपूर्वी घेतलेली गाडी आता माझ्याकडे आहे. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक यांची काही तक्रार नाही, पत्र्याची मात्र आहे. गाडी विकायची नाही आणि भंगारात तर मुळीच घालायची नाही. मी हिच्यावरच चालवायला शिकलो. अजून निदान दहा वर्षं ती रस्त्यावर राहावी असं मनापासून वाटतं. म्हणून या वेळी वरवरची मलमपट्टी न करता गंज मुळापासून काढायचा आणि जमेल तेवढं काम स्वतःच्या हातानं करायचं ठरवलंय.

सुरुवात ड्रायव्हरच्या दारापासून केली. खालच्या कडेला रंगाखाली फुगे आले होते, काही टाचणीच्या डोक्याएवढे, काही शर्टाच्या बटणाएवढे. एक नखानं दाबला. रंगाचा पापुद्रा खपलीसारखा सुटला, तांबूस पाण्याचा थेंब ओघळला आणि खाली पदर सुटलेला काळपट गंज दिसला. बाकीचे पेचकसाच्या टोकानं टोकरले. चार बोटं लांबीचा पत्रा पार चाळणी झालाय.

मग दाराची खालची कड आरसा धरून पाहिली. तिथे पाणी निघून जायला तीन लांबट भोकं असतात. तिन्ही बुजलेली. एकात तार घातली तर आधी काळा चिखल आला आणि मागोमाग पाणी. चार दिवसांत पाऊस नव्हता, गाडी धुतलेली नव्हती, तरी पेलाभर पाणी निघालं! तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. काचेच्या रबराला लागून पाणी दारात उतरतं तो बिघाड नव्हे, दाराची रचनाच तशी आहे. पाणी वरून येणार आणि खालच्या भोकांतून जाणार. भोकं बुजली की दाराची टाकी होते. म्हणजे मी ज्याला बाहेरचा गंज समजत होतो तो आतून पत्रा खात खात बाहेर आला होता. बाहेरून कितीही घासून रंगवलं असतं तरी वर्षभरात फुगे परत तिथेच.

दुसरी जागा जास्त गंभीर आहे. मागच्या चाकाच्या अलीकडे, दाराखालच्या सिलच्या (उंबऱ्यासारखी, पत्र्याची लांब पोकळ पेटी) टोकाला रंग अगदी छान दिसत होता, पण बोटानं वाजवलं तर आवाज बद्द यायचा. चुंबक लावला, चिकटेना. पेचकस टेकवून हातोडीनं हलकेच ठोकलं आणि तळहाताएवढं पुट्टीचं ढेकूळ खाली पडलं. अंगठ्याएवढं जाड. मागे अ‍ॅल्युमिनियमची जाळी आणि जाळीमागे कोंबलेला फोम, चिंब ओला. काही वर्षांपूर्वी एका गॅरेजात हे काम करून घेतलं होतं. 'पत्रा बदललाय' असं सांगितलं होतं. खूप वाईट वाटलं. त्या फोमनं इतकी वर्षं पाणी धरून ठेवलं आणि उरलेला चांगला पत्राही खाल्ला.

याशिवाय मागच्या चाकाची कमान आणि डिकीत स्टेपनीचा खड्डा आहे, पण तिथे वरवरचाच गंज वाटतोय.

आता प्रश्न. सिलला पत्र्याचा तुकडा घरी जोडावा का? गंज काळा करणारं 'रस्ट कन्व्हर्टर' खरंच काम करतं का? आणि स्प्रे बूथ नसताना रंग कसा द्यावा? ज्यांनी स्वतः केलंय त्यांच्याकडून ऐकायचंय.

---

पत्राकाम

फोमचं वाचून वाईट वाटलं. असली कामं माझ्यासमोर नेहमी येतात. रंग उतरवल्यावर खाली काय निघेल सांगता येत नाही.

आधी सिलबद्दल, कारण बाकी सगळं थांबू शकतं, हे नाही. ज्या गाडीला वेगळी चासी नसते तिची बॉडी हीच चासी. दोन्ही बाजूंच्या सिल म्हणजे तिच्या तुळया. अपघातात बाजूनं बसलेला मार त्या घेतात. जॅकही बहुतेक गाड्यांना तिथेच लागतो. तिथे पुट्टी, फायबर, जाळी, रिव्हेटनं मारलेला पत्रा यांतलं काहीही चालत नाही. वेल्डिंगच हवं, आणि तेही खणखणीत पत्रा लागेपर्यंत मागे कापत जाऊन. गंजलेल्या कडेला वेल्ड धरतच नाही. आर्क लागला की कड वितळून भोक दुप्पट होतं.

हाच नियम सीट बेल्टच्या नटाभोवती, सस्पेन्शन जिथे बॉडीला बसतं तिथे, स्टिअरिंग बॉक्सच्या आसपास आणि पुढच्या-मागच्या लांब पेट्यांना लावा. या जागांवर नवशिक्यानं हात आजमावू नये. दाराची कड, कमानीचा ओठ, स्टेपनीचा खड्डा ही शिकायला योग्य ठिकाणं.

सिल कापायच्या आधी दारं लावून चहूबाजूंनी फटी मोजून लिहून ठेवा. मी फटीवर मास्किंग टेपचा तुकडा लावतो आणि त्यावरच मिलिमीटरमध्ये आकडा लिहितो. गाडीला स्टँडवर असा आधार द्या की सिल कापल्यावर मधोमध झोळ पडणार नाही, आणि दाराच्या चौकटीत आडवा बार वेल्डच्या टिपक्यांनी तात्पुरता जोडून (टॅक करून) घ्या. हे न करता सिल कापलेली गाडी पाहिली आहे मी. नवी सिल झकास बसली, पण नंतर दार लागेना. पुन्हा सगळं कापावं लागलं.

---

सावकाश

पत्राकाम यांच्याशी पूर्ण सहमत. दाराच्या कडेसाठी माझा अनुभव लिहितो.

बॉडीचा पत्रा साधारण ०.७ ते ०.८ मिमी जाड असतो. मिग वेल्डरला (बंदुकीतून तार आपोआप पुढे सरकवणारं वेल्डिंग मशीन) ०.६ मिमीची तार लावायची आणि सलग शिवण कधीच ओढायची नाही. एक टिपका इथे, दुसरा तिकडच्या टोकाला, तिसरा मधे, आणि प्रत्येक वेळी पत्र्याला हात लावता येईल इतकं थंड होऊ द्यायचं. घाई केली की पत्रा तापून डबा वाजल्यासारखा 'टक' करून आत-बाहेर होतो. मग ते सरळ करणं फार अवघड. माझ्या पहिल्या दाराला एक वीत शिवण घालायला पूर्ण दुपार गेली, आणि ती सत्कारणी लागली.

वेल्डिंगआधी बॅटरीची निगेटिव्ह काढा. आतलं कार्पेट, दाराचं पॅड, वायरिंग बाजूला घ्या. पेट्रोलच्या टाकीच्या किंवा पाइपच्या जवळ असाल तर ते उतरवल्याशिवाय सुरू करू नका. शेजारी अग्निशामक आणि पाण्यानं भरलेली बादली हवी. आणि काम संपल्यावर अर्धा-पाऊण तास तिथून हलू नका. आवाज बंद करणाऱ्या डांबरी शीटखाली धग बसून राहते आणि उशिरा पेट घेते.

---

निळी_शाई

मी रसायनशास्त्र शिकवते, म्हणून कन्व्हर्टरच्या प्रश्नाला उत्तर देते.

गंजाला लोखंड, पाणी आणि ऑक्सिजन तिन्ही लागतात. मीठ असलं की पाण्यातून वीज सहज वाहते आणि क्रिया वेग घेते. म्हणून समुद्राजवळच्या गाड्या आणि बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात तिथल्या गाड्या लवकर जातात. दुसरं म्हणजे गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. रंग फुगतो तो यामुळेच. दोन पत्रे एकमेकांवर स्पॉट वेल्डनं जोडलेले असतात तिथे तर आतला गंज पत्र्यांना ढकलून वेगळं करतो.

कन्व्हर्टरमध्ये बहुधा टॅनिक आम्ल किंवा फॉस्फरिक आम्ल असतं. टॅनिक आम्ल गंजाशी मिळून निळसर-काळं फेरिक टॅनेट बनवतं, फॉस्फरिक आम्ल लोहाचं फॉस्फेट. दोन्ही गंजापेक्षा स्थिर. पण ही क्रिया द्रव पोचतो तेवढ्याच जाडीत होते. पापुद्रे सुटलेल्या गंजावर लावलं तर वरचा थर काळा होतो आणि खालचा तांबडा तसाच राहतो. म्हणून आधी तारेच्या ब्रशनं, ग्राइंडरनं जेवढं निघेल तेवढं काढायचं, आणि पत्र्याच्या बारीक खड्ड्यांत काळे ठिपके उरतात त्यांच्यापुरतंच कन्व्हर्टर वापरायचं. सँडब्लास्टिंग शक्य असेल तर सगळ्यात उत्तम, मात्र सपाट मोठ्या पत्र्यावर जोरात मारलं तर पत्रा ताणून वाकतो.

बंद पोकळीत आम्ल ओतू नका. धुऊन काढता येत नाही आणि सांध्यांत राहून तेच पुढे पत्रा खातं. हायड्रोक्लोरिक आम्ल तर गाडीजवळ उघडूही नका, त्याच्या वाफेनं आजूबाजूची चकचकीत हत्यारंसुद्धा एका रात्रीत तांबडी होतात.

आणि कळकळीनं सांगते, वेल्डिंगच्या जागा क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरनं कधीही पुसू नका. त्याची वाफ आर्कच्या उष्णतेत आली की फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो.

---

कडेकडेने

एक भर. पत्र्यावर जस्ताचा मुलामा असेल तर तो घासताना उगाच उडवू नका. १९८६ च्या सुमारास ऑडी ८० पूर्ण जस्त चढवलेल्या बॉडीसह आली. त्यानंतर हळूहळू अनेक कंपन्यांनी निदान खालचे भाग तरी जस्ताचे केले. जस्त स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. वेल्ड करायच्या पट्टीपुरतंच घासून काढायचं. जस्त जळाल्याचा पांढरा धूर छातीत गेला तर संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. हवा खेळती ठेवा, तोंड धुरातून बाहेर ठेवा.

---

मधली_गल्ली

मी थोडं वेगळं मत मांडतो. सिलचं पटलं, तिथे तडजोड नको. पण बाकी ठिकाणी एवढा खटाटोप प्रत्येकाला झेपणारा नाही. माझी गाडी दोन वर्षांत जाणारच होती. कमानीवरचा गंज घासला, कन्व्हर्टर, प्रायमर, पुट्टी आणि डब्याचा स्प्रे, असं एका शनिवार-रविवारी उरकलं. दोन वर्षं टिकलं. घेणाऱ्याला ती जागा बोट ठेवून दाखवली. माझ्या मते गाडी किती दिवस ठेवायची आहे हे आधी ठरवावं आणि त्या मापानं काम करावं.

---

जुनी_चाकं

मधली_गल्ली, तुमचं म्हणणं रास्त आहे, आणि घेणाऱ्याला दाखवलंत हे विशेष आवडलं. माझ्याशी कोणी असं वागलं असतं तर हा धागा काढावा लागला नसता. मला दहा वर्षं हवीत, म्हणून लांबचा रस्ता घेतो.

ठरलं. सिल अनुभवी वेल्डरकडून करून घेणार, दार आणि कमान मी करणार.

आता प्रायमरचा गोंधळ. कोणी म्हणतं एच प्रायमर, कोणी म्हणतं इपॉक्सी. पुट्टी उघड्या पत्र्यावर लावायची की प्रायमरवर?

---

सावकाश

कारखान्यात बॉडी आख्खी टाकीत बुडवून विजेच्या मदतीनं पहिला थर चढवतात, त्याला ई-कोट म्हणतात. जेमतेम २० मायक्रॉन, पण पोकळीतसुद्धा पोचतो आणि भट्टीत पक्का होतो. आपण घासून तो काढला की घरी तो परत आणता येत नाही. त्याच्या सर्वांत जवळ जाणारी गोष्ट म्हणजे दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर. पाणी अडवण्यात तो उजवा. एच प्रायमरमधलं आम्ल पत्र्याला कुरतडून पकड घेतं, पण त्याचा थर अगदी पातळ असतो आणि त्यावर थेट पुट्टी लावू नये. पॉलिस्टर पुट्टी त्यावर नीट पकडत नाही आणि पुढे सुटते. एच आणि इपॉक्सी एकावर एक देण्याचाही सोस नको. एक निवडा. तुमच्या कामाला इपॉक्सी.

माझा क्रम असा: ८० नंबरच्या पेपरनं पत्रा खरखरीत, ग्रीस रिमूव्हरनं पुसणं, लगेच इपॉक्सी. 'लगेच' म्हणजे त्याच दिवशी. उघडा पत्रा रात्रभर राहिला तर सकाळी त्यावर तांबूस झाक असते. पुसताना दोन फडकी घ्या. एकानं ओलं करायचं आणि वाळायच्या आत दुसऱ्या कोरड्यानं टिपायचं. एकच फडकं फिरवलं की तेल निघत नाही, फक्त पसरतं.

पुट्टी पत्र्यावर की इपॉक्सीवर हा वाद जुना आहे आणि दोन्ही पद्धती चालतात. मी इपॉक्सीवर लावतो, कारण पॉलिस्टर पुट्टी ओल शोषते आणि खाली इपॉक्सी असला की ती ओल पत्र्यापर्यंत जात नाही. इपॉक्सीवर किती वेळात पुढचा थर द्यायचा ते डब्याबरोबरच्या कागदावर असतं. ती मुदत टळली तर घासूनच पुढे जायचं.

पुट्टीत हार्डनर वजनानं साधारण २ टक्के. थंडीत लवकर सुकावं म्हणून लोक जास्त घालतात आणि मग महिन्याभरानं रंगातून डाग वर येतो. मिसळताना घोटायचं नाही, पात्यानं दाबून पसरायचं, नाहीतर हवा शिरते आणि घासल्यावर सुईच्या टोकाएवढी भोकं दिसतात. जाडी २-३ मिमीच्या वर नको. त्याहून खोल असेल तर पत्रा ठोकून वर घ्या.

---

पाना_पक्कड

पुट्टी घासण्याबद्दल एक. नुसत्या हातानं घासू नका. बोटं जिथे दाबतात तिथे चर पडतात आणि ते चमकदार रंगातच दिसतात. लांब, ताठ ठोकळ्याला पेपर गुंडाळा आणि तिरपं, एकदा या अंगानं एकदा त्या अंगानं. ८०, मग १५०, मग २४०. प्रायमर सरफेसर (बारीक ओरखडे भरणारा जाडसर प्रायमर) मारल्यावर त्यावर काळ्या स्प्रेचा अगदी विरळ शिडकावा द्या आणि ४०० च्या वॉटर पेपरनं घासा. जिथे काळं उरेल तिथे खड्डा, जिथे लगेच खालचा थर दिसेल तिथे उंचवटा. डोळा फसतो, हा शिडकावा फसत नाही.

डोळे मिटून तळवा फिरवून बघायची सवयही लावा. पातळ सुती हातमोजा घालून फिरवलं तर बारीक लाट जास्त चांगली जाणवते.

---

श्वास

रंगाकडे जायच्या आधी कृपा करून हे वाचा.

दोन भागांचे पॉलियुरेथेन रंग आणि क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) यांच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. बऱ्याच दोन भागांच्या प्रायमर सरफेसरमध्येही, आणि खालचं बटण दाबून हार्डनर फोडायच्या स्प्रे कॅनमध्येही. ते श्वासातून जाऊन कायमचा दमा लावू शकतं. एकदा शरीरानं त्याची धास्ती घेतली की पुढे अगदी थोड्याशा वाफेनंही झटका येतो. त्याला वास जवळजवळ नसतो. कोळशाच्या डबीचा मास्क संपला हे आपल्याला वासावरूनच कळतं, आणि इथे वासच येत नाही. म्हणून कारागीर बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मास्क वापरतात.

मी हे ऐकीव सांगत नाही. बंद जागेत, साध्या मास्कवर, एका दुपारी बॉनेटला क्लिअर मारला. मारताना काही झालं नाही. रात्री दोन वाजता छाती आवळून जाग आली, श्वास आत जाईना. आज मी गाडी घासतो, पुट्टी लावतो, पॉलिश करतो, पण रंगाची गन हातात घेत नाही. डॉक्टरांनी मनाई केली आहे. मला गन चालवायला फार आवडायचं.

जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासू नका, पाणी वापरा, आणि मुलांना त्या धुळीपासून लांब ठेवा. इपॉक्सीत आयसोसायनेट नसलं तरी हातमोजे हवेतच, त्याची त्वचेला अ‍ॅलर्जी बसते.

---

जुनी_चाकं

श्वास, इतकं मोकळेपणानं लिहिल्याबद्दल मनापासून आभार. तुमचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला. आमच्या घरात गन येणार नाही.

मग माझ्यासमोर मार्ग कोणते? तयारी घरी करून शेवटचा रंग बूथमध्ये मारून घेता येईल का?

---

पत्राकाम

येईल, आणि तोच शहाणपणाचा मार्ग. रंगाच्या कामात मोठा वेळ तयारीचा असतो. प्रत्यक्ष गन चालते ती दोन तास. सुटे दार घेऊन गेलात तर मास्किंगचंही काम वाचतं. फक्त आधी पेंटरशी बोला, कोणता प्रायमर मारलाय, किती नंबरपर्यंत घासायचं हे त्याला विचारूनच करा. दुसऱ्याच्या खालच्या थरावर रंग मारायला पेंटर कचरतो, आणि त्याचं बरोबर आहे.

रंग सिंगल स्टेज आहे की वर क्लिअर आहे ते बघा. पांढऱ्या फडक्यावर थोडं कंपाउंड (रंग घासून चमकवायची पेस्ट) घेऊन कोपऱ्यात चोळा. फडक्यावर गाडीचा रंग आला तर वर क्लिअर नाही.

---

लपेट

बूथशिवायचा आणखी एक मार्ग आहे, रोलरचा. गन येण्याआधी गाड्या ब्रशनंच रंगवत आणि वार्निश सुकायला आठवडे लागत. १९२३ मध्ये ड्यूपाँनं ड्यूको हा झटपट सुकणारा लॅकर आणला आणि गनचं युग सुरू झालं. म्हणजे गनशिवाय गाडी रंगतच नाही असं नाही.

मी माझी साध्या एका रंगाची गाडी सिंथेटिक इनॅमलनं रंगवली. रंग पुष्कळ पातळ करायचा, बारीक फोमचा रोलर, एकेक थर इतका पातळ की पहिल्या दोन थरांत खालचं सगळं दिसतं आणि धीर सुटतो. तो सुटू द्यायचा नाही. दर दोन थरांनंतर ६०० किंवा ८०० च्या वॉटर पेपरनं घासायचं. असे सात-आठ थर. शेवटी १५००, २००० आणि कंपाउंड. मेटॅलिक रंगाला हे चालत नाही, त्यातले कण रोलरनं ढगाळ बसतात. इनॅमलची चमक दोन-तीन वर्षांत मंदावते, पेट्रोल सांडलं तर डाग पडतो. पण गाडीच्या तळाला, स्टेपनीच्या खड्ड्याला, सिलच्या आतल्या बाजूला याच्याइतकं सोपं काही नाही.

---

पाना_पक्कड

रंग जुळवण्याबद्दल. गाडीवरच्या पट्टीवर रंगाचा कोड असतो, पण पंचवीस वर्षं उन्हात राहिलेला रंग कोडाप्रमाणे राहत नाही. आधी शेजारचा पॅनल कंपाउंडनं घासून त्याचा खरा रंग वर आणा, मगच रंग जुळवायला न्या. नाहीतर मळकटाशी जुळवाल आणि पॉलिशच्या दिवशी दार वेगळं दिसेल. नमुना कार्डावर मारून, वाळवून, दिवसाच्या उजेडात गाडीला टेकवून बघा. ओला रंग आणि वाळलेला रंग यांत फरक पडतो.

दमट हवेत काम काढू नका. थिनर उडताना पत्रा थंड होतो, त्यावर ओल धरते आणि लॅकर दुधाळ होतो.

---

कडेकडेने

पोकळीतल्या मेणाचं कोणी लिहिलं नाही अजून. दहा वर्षं हवीत तर हेच सगळ्यात महत्त्वाचं. वेल्डच्या मागच्या बाजूचा रंग जळून गेलेला असतो. बाहेरून कितीही सुंदर रंगवा, आत उघडं लोखंडच आहे. लांब नळीच्या टोकाला चहूकडे फवारणारं नॉझल लावून दारात, सिलमध्ये, कमानीच्या दुमडीत कॅव्हिटी वॅक्स मारायचं.

मात्र क्रम चुकवू नका. वेल्ड, सांध्यांना सीम सीलर, रंग, आणि मेण सगळ्यात शेवटी. रंगाआधी मेण किंवा सिलिकॉन पॉलिश जवळपास जरी उडालं तरी रंगात गोल खड्डे पडतात, माशाच्या डोळ्यांसारखे. आणि मेण मारून झाल्यावर दाराची भोकं तारेनं परत मोकळी करा.

---

जुनी_चाकं

सात आठवड्यांनी लिहितोय. काम झालं.

सिल अनुभवी वेल्डरनं केली. पत्राकाम यांनी सांगितल्याप्रमाणे फटींवर टेप लावून आकडे लिहिले होते. ते पाहून वेल्डर काही बोलला नाही, पण चौकटीत बार स्वतःहून लावला. काम झाल्यावर सगळे आकडे तेच होते, फक्त मागच्या कोपऱ्यात अर्ध्या मिलिमीटरचा फरक. दार एका बोटानं लागतं.

दाराची कड मी केली. आधी जुन्या पत्र्यावर तीन संध्याकाळी नुसते टिपके मारून हात बसवला. तरी दारावर पहिल्याच दिवशी दोनदा आरपार भोक पडलं. मागे तांब्याची पट्टी धरून भरलं. पट्टीला वेल्ड चिकटत नाही आणि उष्णताही ती ओढून घेते, हे मला इथल्याच एका सदस्यानं व्यक्तिगत निरोपातून सांगितलं होतं.

पुट्टीत चूक झाली. पहिल्या वेळी हार्डनर अंदाजानं घातला. निम्मी लावून होईपर्यंत उरलेली पाटीवरच दगड झाली. लावलेली घासली तर बारीक भोकंच भोकं. सगळी काढली. दुसऱ्या वेळी तराजूवर तोलून, थोडी थोडी मिसळली. तेव्हा सावकाश यांचं 'घोटायचं नाही, दाबायचं' हे हाताला कळलं.

काळ्या शिडकाव्यानं कमानीवर एक लाट दाखवली. तळव्याला आधी ती लागलीच नव्हती. हातमोजा घालून पुन्हा फिरवला आणि तिथेच बोटं अडखळली. त्या एका लाटेवर आणखी दोन दिवस गेले.

फडक्यावर निळा रंग आला, म्हणजे सिंगल स्टेज. दार आणि कमानीचा रंग बूथमध्ये मारून घेतला. स्टेपनीचा खड्डा मी रोलरनं केला, लपेट यांच्या पद्धतीनं. डिकी उघडली की तो मुद्दाम बघतो.

---

श्वास

वाचून फार आनंद झाला. नव्या रंगाला महिनाभर तरी वॅक्स पॉलिश लावू नका, आतलं थिनर उडू द्या. दारात मेण मारलंत ना? भोकं तपासलीत?

---

जुनी_चाकं

मारलं. दोन दिवस झिरपू दिलं, मग तार घातली. काल काच खाली घेऊन रबराच्या फटीतून तांब्याभर पाणी ओतलं आणि खाली उकिडवा बसलो. पुढच्या भोकातून धार लागली, मधल्यातूनही. मागचं कोरडं. तार परत घातली, मेणाचा एवढासा गोळा बाहेर आला आणि त्याच्यामागून पाणी.